पाप ड्रायव्हरच्या खात्यात?

गाडीच्या मागच्या काचेवर 'जियो और जीने दो' आणि पुढच्या चाकाजवळ उंदरासाठी गोंदाची पाटी! आपल्या वारासिवनीत हे बघून आता कुणाला काही वाटेनासं झालंय. विचारलं तर उत्तर तयार असतं, "आम्ही कुठं मारतो बाई? ड्रायव्हर ठेवतो, सकाळी तोच उचलून फेकतो."

मैत्रिणींनो, आपल्या धर्मात हा हिशेब चालत नाही. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि करणाऱ्याला 'बरं केलंस' म्हणणं, म्हणजे कृत, कारित आणि अनुमोदना. तिन्हींचा दोष लागतो, हे पाठशाळेतल्या पोरीलाही ठाऊक असतं. पगार दिला म्हणून आपलं पाप ड्रायव्हरच्या खात्यात जमा होत नाही.

उंदीर नुकसान करतो, हे मी नाकारत नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, कुरतडल्यावाचून त्याला इलाज नाही. वायर कुरतडली की गाडी बंद पडते, शॉर्ट सर्किट होऊन आगही लागू शकते. त्यात आपला भाताचा मुलूख. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण जिथं धान तिथं उंदीर. पावसात बिळात पाणी शिरतं, कापणीनंतर बांधी रिकामी होते, मग तो कोरडी, उबदार जागा शोधतो. बॉनेटखाली ती आयती मिळते.

पण त्याला बोलावतं कोण? सूर्यास्ताआधी जेवण आटपायचं म्हणून गोंदियाहून येताना आपण गाडीतच डबा उघडतो. पुरीचे तुकडे, शेव सीटखाली. आपला रात्रिभोजनाचा त्याग पाळला गेला आणि उंदराचं रात्रीचं ताट वाढलं गेलं! गाडीला लागून तांदळाची पोती, कोपऱ्यात जुन्या गोधड्या. चातुर्मासात प्रवास कमी, गाडी पंधरा-पंधरा दिवस हलत नाही. मग घरटं होणार नाही तर काय? तत्त्वार्थसूत्रानं हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातलाय, तो उगाच नाही.

"मारल्याशिवाय जात नाहीत," असं म्हणणाऱ्यांनाच मी विचारते, मारून तरी गेले का? एक मेला, दाणा आणि आडोसा तसाच राहिला, दुसरा आला. बाजारातली बरीचशी विषं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो, आणि त्याला खाणारं घुबडही मरू शकतं. गोंदावर तर पाल, खार, चिमणीही चिकटते नि तडफडत राहते.

करायचं ते साधं आहे. डबा उघडला त्याच दिवशी सीटखाली झाडून घ्या. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, अडगळ हलवा. दोन-तीन दिवसांनी गाडी फिरवा. पेन्सिल जाईल एवढी फट लहान उंदराला पुरते, म्हणून हवा आत जाण्याच्या वाटेवर मेकॅनिककडून स्टीलची बारीक जाळी बसवून घ्या. गाडी बरेच दिवस उभी असेल तर आधी बॉनेट उघडून बघा, आत पिलं असतील तर इंजिन सुरू करू नका. लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून, जंतुनाशकानं भिजवून पुसा, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. आत शिरलाच असेल तर पिंजरा लावा, आणि लावलेला पिंजरा विसरू नका.

आणि हे काम एकट्या सुनेचं नाही. गाडीची चावी ज्याच्या खिशात, झाडू त्याच्याही हातात हवा.

क्षमावाणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. यंदा ती मागण्याआधी घरातली विषाची पुडी नि गोंदाची पाटी बाहेर काढा, आणि ड्रायव्हरला स्वतःच्या तोंडानं सांगा, "भाऊ, पुन्हा आणू नका."