तंबू ठोकण्याआधी

पाऊस ओसरला की पवना धरणाच्या काठावर पुन्हा तंबू उभे राहतात. समोर तुंग, तिकोना, लोहगड. पुणे-मुंबईहून गाडी काढली की पोहोचलोच! हंगामाच्या तोंडावरचा हा अंक म्हणूनच काठावरच्या मुक्कामाविषयी आहे.

तंबू कुठला घ्यावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हाला बोलायचंय ते पाण्याविषयी. धरणाचं पाणी वरून संथ दिसतं, पण खाली बुडालेल्या शेतांचे बांध असतात, गाळ असतो. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात जाऊ शकतं. पट्टीचा पोहणाराही तिथे फसतो, मग दोन पेग घेतलेल्याची काय कथा! लाइफ जॅकेटशिवाय बोटीत बसू नये, अंधारात पाण्यात उतरू नये, हे नियम ज्यांना जाचक वाटतात त्यांच्याशी आमचं जमणार नाही. शिवाय हेच पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. काठावर खरकटी भांडी विसळताना हे कितीजणांच्या ध्यानात असतं?

रात्री दहानंतरही स्पीकर दणाणत राहतो तेव्हा काठावरच्या गावात काय बोललं जातं, तेही आतल्या पानांत गावकऱ्यांच्याच तोंडून वाचा. पटलं नाही तर जरूर भांडा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी दोन पानं राखून ठेवली आहेत.