पाणी फुकट, पेला साखळीला

"फुकट्यांनी देश बुडवला," असं आमच्या तळोज्याच्या सोसायटीचे खजिनदार म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बघतात. माझा गुन्हा एवढाच, की पेंधरला मेट्रोत बसल्यापासून बेलापूर येईपर्यंत मी लीचेसवर बुद्धिबळ खेळतो (हरतो, हा भाग वेगळा) आणि त्याचा एक पैसा देत नाही.

थिबो ड्युप्लेसी नावाच्या फ्रेंच माणसाने २०१० साली हे दुकान उघडलं. जाहिराती नाहीत, वर्गणीची सक्ती नाही. देणगी दिलीत तर नावाशेजारी पंखाची खूण उमटते. जास्तीचं प्यादं मिळत नाही.

"तिकीट लावा, फुकटे पळतील!" हा खजिनदारांचा उपाय. साफ चूक! फुकट्यांबरोबर ज्याच्याशी खेळायचं तो गडीही पळेल, त्याचं काय? मी हरतो म्हणून कुणीतरी जिंकतो. हीसुद्धा एक वर्गणीच.

पाणपोईवर पाणी पिणारा चोर नसतो. पेला घरी नेणारा असतो. म्हणून पाणी फुकट असलं तरी पेला साखळीला बांधतात. लीचेसवर माझ्या चुका दाखवणारं स्टॉकफिश हे इंजिनही असंच साखळीचं. घ्या, बदला, खुशाल विका. पण मूळ कुणाचं ते सांगा आणि पुढच्यालाही तेवढीच मोकळीक द्या. जर्मनीच्या चेसबेस कंपनीने 'फॅट फ्रिट्झ २' विकताना ही अट पाळली नाही, म्हणून स्टॉकफिशकर्त्यांनी २०२१ मध्ये दावा लावला. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि स्टॉकफिश असलेला माल कंपनीला वर्षभर विकता येईना. पाणपोईला कुलूप न लावता पेला वाचला!

तेव्हा दार उघडंच ठेवा, साखळी तेवढी मजबूत ठेवा.

पण म्हणून मी सुटलो असं नाही. पाणी भरणाऱ्यालाही खर्च असतोच. मिनिमम बॅलन्स नाही म्हणून गिऱ्हाइकांचे पैसे कापण्यात माझी हयात गेली. इथे माझी शिल्लक कित्येक वर्षं शून्य, आणि साधी नोटीस नाही. नोटीस आली असती तर भांडलो असतो. आली नाही, म्हणून लाज वाटली.

परवा थोडे पैसे पाठवले. पंख फुटला. त्याच दिवशी मेट्रोत खजिनदार दिसले, मान खाली घालून मोबाइलवर घोडा चालवत होते. मी हळूच डोकावलो.

नावाशेजारी पंख नव्हता.