परीक्षेतील कॉपी : प्रश्न केवळ कायद्याचा नव्हे

५ मे २०२४ रोजी झालेल्या 'नीट' परीक्षेतील पेपरफुटी आणि त्याच वर्षी १८ जूनला होऊन दुसऱ्याच दिवशी रद्द झालेली 'यूजीसी-नेट' यांमुळे परीक्षांची विश्वासार्हता देशभर चर्चेचा विषय ठरली. पाठोपाठ २१ जूनपासून केंद्राचा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा लागू झाला. संघटित गुन्ह्यासाठी त्यात १० वर्षांपर्यंत कारावास व किमान १ कोटी रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे. विद्यापीठांच्या नेहमीच्या परीक्षा त्याच्या कक्षेत येत नाहीत. महाराष्ट्रात अशा परीक्षांसाठी १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे. तरीही कॉपी थांबलेली नाही. सुशिक्षित तरुण या मार्गाला का लागतो, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे प्राध्यापक डॉनल्ड मॅकेब यांनी याचा दीर्घकाळ अभ्यास केला. लिंडा ट्रेव्हिनो यांच्यासमवेत त्यांनी १९९३ साली ३१ शिक्षणसंस्थांतील ६ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. पकडले जाण्याची शक्यता व शिक्षेचे स्वरूप यांचा परिणाम होतो. परंतु सर्वाधिक प्रभाव सहाध्यायांच्या वर्तनाचा असतो, असे तीत आढळले. 'सगळेच करतात' ही भावना एकदा रुजली की प्रामाणिक विद्यार्थ्यालाही आपण मूर्ख ठरत आहोत, असे वाटू लागते. याउलट, जेथे विद्यार्थी सचोटीची लेखी प्रतिज्ञा करतात आणि तिच्या पालनात स्वतः सहभागी होतात, तेथे हे प्रमाण कमी आढळले.

आपल्याकडे या सवयीची सुरुवात परीक्षागृहाबाहेरच होते. मित्राचे जर्नल उतरवून काढणे, आयता प्रकल्प विकत घेणे यात कोणाला फारसे वावगे वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात ६० टक्क्यांहून अधिक उसना मजकूर आढळल्यास नोंदणी रद्द होते. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आल्यापासून नवा मजकूर क्षणात तयार होतो व केवळ साम्य मोजणारी तपासणी अपुरी पडते.

म्हणूनच मूल्यमापनाची पद्धत बदलणे अगत्याचे आहे. तोंडी परीक्षा, वर्गात लिहून घेतलेले निबंध आणि शिक्षकांचा विद्यार्थ्यांशी प्रत्यक्ष परिचय हे त्यावरील व्यवहार्य उपाय होत. पालकांचीही जबाबदारी मोठी आहे. "किती टक्के पडले?" एवढाच प्रश्न घरात विचारला जात असेल, तर ते टक्के कसे मिळवले याला मुलांच्या लेखी महत्त्व उरत नाही. कॉपी करून मिळवलेल्या पदवीची किंमत अखेर प्रामाणिकपणे शिकलेल्या विद्यार्थ्याला मोजावी लागते. कारण त्याच्याही पदवीवरचा विश्वास उडतो.