पैंजणावरचा शिक्का

वसईच्या बाजारात आईबरोबर पैंजण घ्यायला गेलात, की सोनारकाका काट्यावर वजन दाखवतात. पण चांदी मऊ, म्हणून तिच्यात तांबं मिसळतात. ते किती, हे काट्याला कसं कळणार?

पूर्वी स्कॉटलंडमध्येही हीच अडचण होती. तपासणी एडिंबरोला, लांबच्या गावांतले कारागीर तिथे कशाला जातात! ते आपल्याच गावाची खूण ठोकायचे. इन्व्हरनेसच्या काही भांड्यांवर तर चक्क उंट! (एवढ्या थंडीत बिचारा उंट! पण तो त्या गावाच्या चिन्हातलाच.) गंमत खरी, पण बनवणाराच साक्षीदार, ही कसली तपासणी?

आपल्याकडे हॉलमार्कचा शिक्का वेगळ्या केंद्रात तपासून मगच उठतो. त्यात भारतीय मानक ब्यूरोचा त्रिकोण असतो आणि आकडा. 925 म्हणजे हजार भागांत 925 भाग चांदी. 1 सप्टेंबर 2025 पासून अक्षरं आणि अंक मिळून सहा चिन्हांचा क्रमांकही आला. आई-बाबांना तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर पडताळता येतो. मात्र तेव्हा चांदीला ही सक्ती नव्हती. म्हणून शिक्क्याचंच मागा, लाजू नका.

आणि हो, आजीचे जुने पैंजण भिंगाखाली धरा. कडीजवळ काय दिसतं, ते आम्हाला कळवा.