तेल आटलं, आळ कायद्यावर

डिझेलचा भाव चढला की हिवरा आश्रमपासून मेहकरच्या पंपापर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तेल आपल्याच समुद्रात आहे हो, पण हे पर्यावरणवाले काढू देत नाहीत." या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं नाही. मंजुरीची फाईल रेंगाळली की विहीर खोदणाऱ्या रिगचं भाडं आणि कर्जाचं व्याज चढत राहतं. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं, हेही खरंच.

पण देशी तेलाच्या उत्पादनातली घट पर्यावरण कायद्यामुळे झाली, हे मात्र हिशेबात बसत नाही. मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय क्षेत्रात तेल सापडलं १९७४ साली, उत्पादन सुरू झालं १९७६ मध्ये आणि ऐंशीच्या दशकात ते शिखरावर पोचलं. पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास सक्तीचा झाला १९९४ मध्ये. त्याआधीच अति उपशाने तेलसाठ्याचा दाब घसरू लागला होता. रात्रंदिवस मोटर चालवून बोअर आटवायचा आणि बोल भूजल खात्याला लावायचा, त्यातला हा प्रकार.

जानेवारी २०२० मध्ये केंद्राने तेल-वायूच्या शोधकामाला सविस्तर अभ्यास आणि जनसुनावणी या दोन्हींतून सूट दिली. तरी २०१९-२० मधलं सुमारे ३.२ कोटी टन उत्पादन २०२२-२३ मध्ये २.९ कोटी टनांवर आलं. शोधापासून उत्पादनापर्यंत वर्षं जातात, ही हरकत रास्त आहे. सूट दिल्याने लगेच तेल वाढत नाही, हे त्यातून कळतं. पण तोवर तेल जुन्याच क्षेत्रांतून येतं आणि घट त्यांच्या वयामुळे आहे, हेही त्यातूनच कळतं. आणि ओझ्याचीच गोष्ट काढायची तर १ जुलै २०२२ रोजी सरकारने देशी कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये जादा कर बसवला. त्याचे दर पुढे वरखाली झाले, डिसेंबर २०२४ मध्ये तो गेला. त्यावर पंपावर कुणी अवाक्षर काढलं नाही! शिवाय देशी तेलही जागतिक भावानेच विकलं जातं. ते वाढलं म्हणून आपल्या ट्रॅक्टरचं डिझेल स्वस्त होणार नाही.

आता नियमांच्या बाजूने. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई पुरात असतानाच, मुंबई हायच्या समुद्रातल्या एका तेल-फलाटावर जहाज आदळलं. आगीत अख्खा फलाट गेला, २२ माणसं गेली, उत्पादन कोसळलं. आसामात बागजानची वायू-विहीर मे २०२० मध्ये फुटली, जूनमध्ये पेटली आणि विझली नोव्हेंबरमध्ये. गावं उठली, भातशेती आणि बील (पाणथळ तलाव) खराब झालं. जळाला तो वायूही देशाचाच. काळजी घेण्याचा खर्च ताळेबंदात दिसतो, अपघाताचा खर्च मात्र गावकऱ्यांच्या नावे पडतो.

नुसता जाळून टाकायचा वायू वापरात आणणं हाही प्रदूषण आवरण्याचाच भाग. मुंबई हायच्या वायूवर थळचा आरसीएफ खत कारखाना उभा राहिला, आणि तिथला युरिया शेतात पडतो. यात उत्पादनाचं नुकसान कुठे झालं?

फाईल रेंगाळते, तर निर्णयाची मुदत पाळा, तपासणारी माणसं वाढवा. जनसुनावणी गाळून वाचतील ते फार तर काही महिने. बागजानची आग विझायलाच पाच महिने लागले.