विज्ञान दिनाचा ताळेबंद

होळीची चाहूल लागता लागता येणारा २८ फेब्रुवारी आपल्या सार्वजनिक रिवाजात आता चांगलाच मुरला आहे. रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात लावलेल्या शोधाच्या स्मरणार्थ १९८७पासून हा दिवस साजरा होतो. प्रयोगशाळांची एरवी मिटलेली दारे उघडतात आणि गणवेशातल्या रांगा द्रव नायट्रोजनच्या धुक्याभोवती दाटी करतात. उणे १९६ अंशांच्या त्या द्रवात गारठलेल्या अतिसंवाहक काळ्या चकतीवर चुंबक अधांतरी तरंगू लागला, की मुलांच्या तोंडून निघणाऱ्या उद्गाराने आयोजकही सुखावतात. संध्याकाळी किती पाहुणे आले ते मोजले जाते, दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते, आणि मटेरियल सायन्स लोकांपर्यंत पोहोचले, असे आपण धरून चालतो.

ते खरेच किती पोहोचले, याची परीक्षा २०२३च्या जुलैत झाली. शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांपासून बनवलेला ‘एलके-९९’ हा पदार्थ साध्या दाबाखाली, तब्बल १२७ अंशांपर्यंत अतिसंवाहक राहतो, म्हणजे विजेला जराही रोध करत नाही, असा दावा दक्षिण कोरियातल्या काही संशोधकांनी केला. अन्य तज्ज्ञांनी तो पडताळण्याआधीच चुंबकावर अर्धवट उचललेल्या एका तुकड्याची चित्रफीत जगभर फिरली, आणि विजेची गळती आता संपलीच, अशा थाटात आपण मथळे सजवले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने पदार्थ बनवून पाहिला. अतिसंवाहकता दिसली नाही. विद्युत्‌रोधात अचानक आलेली घट ही त्यात मिसळलेल्या तांब्याच्या सल्फाइडची करणी होती. सुमारे १०४ अंशांना त्याची रचनाच पालटते. स्टुटगार्टच्या मॅक्स प्लांक संस्थेत बनवलेले शुद्ध स्फटिक तर वीज वाहूच देत नव्हते. अवघ्या काही आठवड्यांत लागलेला हा निकाल म्हणजे विज्ञानाची उत्तम कामगिरी. पण त्याच्या वाट्याला मथळे आले नाहीत.

विशिष्ट रीतीने घडवलेल्या ग्रॅफाइटची पातळ चकतीसुद्धा प्रबळ चुंबकांवर सहज तरंगते, तीही घरातल्या तापमानाला, अतिसंवाहक नसताना. प्रदर्शनात हे कुणी दाखवले असते, तर ती चित्रफीत पाहताना आपल्यातल्या निदान काहींना शंका आली असती. लोकविज्ञानाचे मोजमाप करायचे तर ते या शंकेवरून करावे; टाळ्यांचा हिशेब फार सोपा आहे, म्हणूनच तो फसवा आहे. रामन यांनी आपल्याला जे दिले, तेही मुळात पडताळणीचे साधनच! ग्राफीनचा थर एकेरी आहे की अनेकपदरी, हे आज प्रयोगशाळा रामन वर्णपटावरूनच ओळखतात.

मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्था १९६६पासून चिकाटीने झटत आहेत, व्याख्याने आणि लेख यांची आपल्याकडे वाण नाही. उणीव पाठपुराव्याची आहे. नव्या पदार्थाची बातमी छापताना तो आणखी कुणी बनवून पाहिला का, हे विचारणे आणि सहा महिन्यांनी त्याच पानावर, तितक्याच जागेत पुढचे सांगणे, एवढे बंधन तरी वृत्तपत्रांनी यंदा स्वतःवर घालून घ्यावे. आणि त्यात हे वृत्तपत्रही आले.