हिन्याचें अत्तर आणि सुशिक्षितांचें नाक

हिन्याचें अत्तर उग्र, सभ्य माणसानें तें लावूं नये, हें मत आमच्या सुशिक्षित वर्गांत सिद्धांतासारखें वावरत आहे. परवां एका लग्नांत कानांत फाया ठेवून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे पाहून कांहीं मंडळी हंसलीं. गंमत ही कीं, त्यांतल्याच एकानें थोड्या वेळापूर्वीं आपल्या विलायती बाटलींतील लाकडाच्या व ओल्या मातीच्या वासाची आम्हांपुढें तोंडभर स्तुति केली होती! इव्ह सँ लोराँ या फ्रेंच पेढीनें २००२ सालीं 'एम ७' मध्यें ऊद, म्हणजे आमचा अगरू, पुढें केला; त्यानंतर तिकडे त्याची चाल पडली, आणि मग आमच्याही नाकास लाकडाची गोडी कळली. तीच गोडी कनोजच्या कुपींतून आली कीं ती उग्र!

वस्तु काय आहे तें आधीं पाहूं. मेंदीच्या फुलांचें हलकें अत्तर तें गुलहिना. थंडींतला काळपट हिना निराळा. शमामा त्याचाच भाऊबंद. दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, जायफळ, लवंग इत्यादि जिन्नस तांब्याच्या डेगेंत पाण्यासह चढवितात, आणि त्यांची वाफ बांबूच्या नळीनें चंदनतेल असलेल्या भपक्यांत उतरवितात. कृति घराण्यागणिक बदलते. पण या यादींत आम्हांस परकें काय आहे? दगडफूल आमच्या गोड्या मसाल्यांत, नागरमोथा दिवाळीच्या उटण्यांत. हिना ज्यांस असह्य होतो त्यांनीं नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नानही सोडावें.

हा वास गुदमरवितो, असा दुसरा आक्षेप. वैशाखांत तो खरा आहे. जड तेलें सावकाश उडतात. उकाड्यांत त्यांचा लोट उठतो, थंडींत तीं अंगालगत राहून रात्रभर पुरतात. वाग्भटानें अष्टांगहृदयांत हेमंतासाठीं केशर-कस्तुरीचा लेप व अगरूचा धूप सांगितला आहे. ऋतु पाहून वास निवडणें हा विवेक आम्हीं सोडला, आणि दोष अत्तरास दिला.

मात्र प्रतिपक्षाची एक गोष्ट मान्य करणें भाग आहे. चंदन महागलें, तसें भपक्यांत चंदनतेलाच्या जागीं पातळ पॅराफिन येऊं लागलें. चंदन इतर वासांस धरून ठेवतें व त्यांचे कोपरे घांसतें; पॅराफिनला स्वतःचा वासच नाहीं. मग लवंग एकीकडे ओरडते, जटामांसी दुसरीकडे. विद्यार्थिदशेंत आम्हींही असलीच एक स्वस्त कुपी भर चैत्रांत लावली, डोकें दुखलें, आणि त्या एका डोकेदुखीवर तीस वर्षें आपलें मत पोशिलें. पुढें एका पौषांत मित्रानें चंदनावर उतरविलेला हिना मनगटास लावला. दुसरे दिवशीं वर्गांत शिकवीत असतां लोकरीच्या कोटाच्या बाहींतून भिजल्या सालीसारखा मंद वास येत होता. पुढल्या बाकावरील कोणींही नाक मुरडलें नाहीं.

तेव्हां आमचें मागणें एवढेंच. कुपींत चंदन आहे कीं पॅराफिन, हें विक्रेत्यांनीं चिठ्ठीवर स्पष्ट छापावें, आणि गिऱ्हाइकांनीं तें विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत. खरा हिना एकदां थंडींत लावून पाहावा, आणि मग खुशाल त्यास उग्र म्हणावें.